तेरावी चौकट

"आज काही नाही," अण्णा म्हणाले.

मयूरीच्या हातातली गाळणी तशीच वर राहिली. जवळजवळ वर्षभर ती रोज सकाळी या ओट्यापाशी उभी राहून पलीकडच्या खोलीतून येणाऱ्या एका शब्दाची वाट बघत आली होती, आणि शब्द येत होता. तगर. कुंती. कधी नुसतंच शिंजीर, म्हणजे जास्वंदीत चोच खुपसून उलटा लटकणारा तो चिमुकला निळा-काळा पक्षी. वडील खिडकीशी बसत, चहाचा पहिला घोट घेत, बाहेर बघत आणि त्या दिवसाचा शब्द म्हणत. कुणाला उद्देशून नव्हे, हजेरी घेतल्यासारखा. शब्द आला की ती गाळणी झटकी आणि पोळ्यांना लागे. आज चहाचा एक थेंब ओट्यावर पडला, मग दुसरा, आणि तिला वाटलं की हा आवाज आपण आधी ऐकलेला आहे. सांगलीच्या घरात, पूर उतरल्यावर. पाणी तेव्हा छतातून नाही, भिंतीतून गळत होतं.

"एक वर्ष बघतो," गेल्या ज्येष्ठात गाडी कराडच्या पुलावर असताना अण्णा म्हणाले होते. "खिडकीतून रोज काहीतरी बघण्यासारखं असलं तर राहीन. एक दिवस जरी नसलं, तर माझं घर आहे." माझं घर म्हणजे सांगलीतलं, नदीच्या बाजूच्या सखल गल्लीतलं, जिथं कृष्णेचं पाणी दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा आलं, पहिल्या वेळी खिडकीचे गज बुडेपर्यंत. त्या वेळी वरच्या मजल्यावरून त्यांना आणि आईला होडीत उतरवून घेतलं होतं. आई त्याच हिवाळ्यात गेली. दुसऱ्या पुराला अण्णा एकटेच होडीत बसले. आता ते एक्क्याऐंशीचे आहेत आणि तिसऱ्या वेळी होडीपर्यंत त्यांना कोण आणणार, हा प्रश्न मयूरी आणि तिचा नवरा सौमित्र, दोघंही मोठ्यानं विचारत नसत. सौमित्रनं मागचा आरसा उगाच नीट केला आणि म्हणाला, "मंजूर. पण तुम्ही परीक्षक कडक आहात, अण्णा." मुलीच्या घरी राहायचं म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीच्या हाडात असतं. अट घातली की ते राहणं राहणं उरत नाही, पाहणी होते. मयूरीला हे तेव्हाच कळलं होतं, आणि त्या चातुर्याचं तिला कौतुक वाटलं होतं, आणि तिनं सातारा येईपर्यंत मनात झुडपं मोजली होती.

जागा फार नव्हती. गोडोलीतलं घर, खिडकी, खिडकीपुढं चार फूट रुंद आणि चोवीस फूट लांब मातीची पट्टी, मग कुंपणाची भिंत. वर अजिंक्यतारा दिसायला हवा तिथं समोरच्यांची पाण्याची टाकी. तिनं तक्ता केला, कारण अण्णांचा तक्ता तिनं पाहिला होता. कोयनानगरला धरणाच्या नकाशाखान्यात अण्णांनी तीस वर्षं काढली. सांगलीला आल्यावर बागेसाठी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईनं चौकटी आखल्या: चैत्र ते फाल्गुन, प्रत्येकीत कुठलं झुडूप कुठल्या पंधरवड्यात काय करतं, कोवळं पान कधी, कळी कधी, फळ कधी रंगतं, पक्षी कुठला येतो. अक्षरं अशी, की धरणाची भिंत त्यांच्यावर उभी राहिली असती. लहानपणी तिला वाटे, झाडं तो तक्ता बघून फुलतात. आणि अगदी खाली, मिठाच्या पुडीएवढी तेरावी चौकट. तिच्यात नुसती एक आडवी रेघ.

"हे काय?"

"अधिक महिना."

"मग रिकामा का?"

"झाडं पंचांग वाचत नाहीत."

धुण्याच्या दगडापाशी आई हसली होती. काहीतरी म्हणालीही होती. काय, ते मयूरीला आठवत नव्हतं. ओला पदर, साबणाचा वास, आणि आणखी एक वास, उग्र, हिरवा, आणि त्या वासापाशी आठवण थांबायची.

गाळणी. चहा. तिनं स्वतःचा तक्ता फ्रिजवरून काढून टेबलावर ठेवला. बारा चौकटी. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईनं आखलेल्या, सरळ, स्वच्छ. ज्येष्ठात अनंत, आषाढात पहिल्या सरींवर एकदम पांढरी होणारी कुंती, श्रावणात तगर, भाद्रपदात जास्वंद, आश्विनात पारिजात, कार्तिकापासून कोरांटी, मग

पौष: अडुळसा
माघ: कुंद
फाल्गुन: धायटी (पाटणहून)

आणि चैत्र-वैशाखाला मोगरा. मोठ्या पिशव्यांतली, फुटवा धरलेली झुडपं आणली होती तिनं, थांबायला वेळ नव्हता. आणि वर्ष चाललं. चाललं म्हणजे काय चाललं! एका झुडपात बघण्यासारखं किती असतं, हे तिला फुलांनी नव्हे, अण्णांच्या शब्दांनी शिकवलं. भाद्रपदात एका सकाळी ते म्हणाले, "कुंतीची फळं, तीन लाल, एक नारिंगी." ती हातातलं टाकून बघायला गेली आणि खरंच तीन लाल होती, एक नारिंगी. मार्गशीर्षात "कोरांटीचे काटे," एवढंच म्हणाले. तिनं जाऊन पाहिलं तर प्रत्येक काट्याच्या टोकाला दव होतं. पारिजाताचा बहर संपल्यावर तिला धाकधूक होती, तर ते म्हणाले, "शेंगा. चपट्या. नाण्यासारख्या वाजतील." आणि फाल्गुनात धायटी लाल झाली तेव्हा ते नुसतं "धायटी" म्हणाले आणि कप ठेवला, आणि तिला माहीत होतं ते कुठं गेलेत: कोयनेच्या घाटात, ती चौथीत असताना, भर दुपारी जेवताना भांडी वाजली, कॉलनीतली सगळी माणसं पटांगणात पळाली, आणि अण्णा, हात खरकटे, दारातल्या धायटीपाशी वाकून बसलेले. आई ओरडली होती, "अहो, इकडे या! घर पडेल!" आणि अण्णा म्हणाले होते, "मुळं हलली का बघतो." त्या माणसाला राहायला घर लागत नाही, बघायला झाड लागतं, हे तिला तेव्हाच समजायला हवं होतं.

पण चूक तिची होती, आणि ती सरळ होती. अण्णा तारीख मोजत नाहीत, तिथी मोजतात. ते आले ज्येष्ठ शुद्ध पंचमीला. वर्ष पुढच्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संपणार. आणि यंदा वैशाखानंतर ज्येष्ठ आलाच नाही, अधिक ज्येष्ठ आला. इंग्रजी महिन्यांत मन रुळलेल्या तिनं बारा महिन्यांची बाग लावली होती आणि वर्ष तेरा महिन्यांचं निघालं. मोगरा भिंतीच्या झळीनं वैशाखातच आटोपला. तगर पानं मुडपून बसली. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला म्हणून तिनं स्वतःच ती छाटली होती. अनंताच्या कळ्या हिरव्या, घट्ट, पावसाची वाट बघत. तक्त्याला मधेच भोक पडलं होतं आणि त्या भोकातून सांगली दिसत होती, पावसाच्या तोंडावरची.

तक्त्याच्या खाली, पेन्सिलीनं, कुणीतरी एक छोटी चौकट आखली होती. पट्टीशिवाय, तरी सरळ. तो हात तिला ओळखू आला. आत काहीच नव्हतं.

"अण्णा, अधिक लागला," नाश्त्याला सौमित्र म्हणाला. त्याला शांतता सहन होत नाही, तो लगेच तिच्यात काहीतरी टाकतो. "जावयाचं वाण राहिलंय. तेहतीस अनारसे. शुगर आहे म्हणून एकतीस चालतील."

"अनारसे कोण करणार?" अण्णा म्हणाले. "करणारी गेली."

सौमित्रनं पोह्यांत लिंबू पिळलं. मग पुन्हा पिळलं, त्यात काही उरलेलं नसताना.

हरणाबाईची रोपवाटिका कोरेगाव रस्त्याला, शेडनेटखाली. दहिवडीकडच्या गावातली ही बाई, मेंढरामागं अर्धं आयुष्य चाललेली. नवरा नानासो मुंबईत माथाडी होता, परत आल्यावर दोघांनी ही जागा धरली. गेल्या वर्षीची सगळी झुडपं इथूनच नेली होती, धायटी सोडून. मयूरीनं पिशवीतून तक्ता काढून दाखवला, जसा डॉक्टरला रिपोर्ट दाखवतात, आणि सगळं सांगितलं, वडील, खिडकी, अट.

हरणाबाईनं तक्ता लांब धरून पाहिला. "चांगला काडलाय. पन बाई, ह्यात सगळी फुलंच की वं."

"मग काय असायला हवं?"

"आवं, झाड काय नुसतं फुल अस्तंय व्हय? आमच्याकडं माणात आट-आट म्हयनं फुल दिसत न्हाई. मग आमी काय डोळं मिटून बसतो?"

"काय बघता मग?"

"हिरवं कोन ऱ्हायलंय, त्ये बगतो." तिनं नळाखाली हात धुतले, ओच्याला पुसले. "आन् शेळी काय सोडती, त्ये. लाडाचं झाड शेळी पयलं खाती. जेला तोंड लावून तिनं सोडून दिलं, त्ये झाड आपल्या संगट म्हातारं हुतंय. तरवड बगा. अडुळसा बगा. निरगुड बगा. कोन पानी घालतंय त्येंला?"

"निरगुडी आहे तुमच्याकडे?"

"ती कोन इकत घेतंय?" हरणाबाई मोठ्यानं हसली. "वड्याच्या कडंला फुकट मिळती. म्हाताऱ्या गुडघं शेकाया न्हेत्यात. तिकडून आरडतोय बगा आमचा मालक, गिराइकाला फुकटचं सांगत बसती म्हून." शेडच्या टोकाला नानासो कुंड्या भरत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "म्या कवा आरडलो? तूच आरडतीस." आणि ती आणखी हसली. "आईनं काय लावलं हुतं तुमच्या, सांगलीला?" हसता हसताच तिनं विचारलं. "बापाचं झालं सगळं. आईचं काय?"

आईचं काय. मयूरी रिकाम्या पिशव्या घेऊन रस्त्यावर आली, रिक्षा तिच्यापुढं थांबली आणि निघून गेली, आणि धुण्याच्या दगडापाशी थांबलेली आठवण एक पाऊल पुढं सरकली. तो उग्र, हिरवा वास. दगडामागं, सांडपाण्यावर, तक्त्यात नसलेलं झुडूप. हाताच्या पाच बोटांसारखी पानं, वरून काळपट हिरवी, खालून राखाडी, वारा आला की सगळं झाड एकदम उलटं होऊन चंदेरी दिसायचं, जणू कुणी पान पलटलं. जांभळट निळी बारीक फुलं, ज्यांना अण्णा फुलं म्हणत नसत. आई त्याचा पाला पाण्यात उकळून गुडघे शेकायची. आणि ती म्हणाली होती, हो, हेच म्हणाली होती हसत, पदर पिळताना: "तुमच्या तक्त्याला भोक पडेल तिथं माझी निरगुडी बघा." आणि अण्णा म्हणाले होते, "ते कुंपणाचं झुडूप आहे, अनसूया." भांडण नव्हतं ते. वर्षानुवर्षं चाललेला खेळ होता, आणि तिनं कधी तक्त्यात जागा मागितली नाही, नुसतं पाणी टाकत राहिली, तेही कपडे धुतलेलं. पहिला पूर उतरल्यावर अंगणात गुडघाभर गाळ होता. जास्वंद, अनंत, कुंती, मोगऱ्याची अख्खी रांग, सगळं एकाच रंगाचं, तपकिरी, उभं मेलेलं. ट्रेसिंग पेपर भिंतीवरून सोलून निघाला तो अण्णांच्या हातात विरघळला. ते पायरीवर बसून राहिले. आणि विसाव्या-बाविसाव्या दिवशी आई, कोपरापर्यंत चिखल, दगडामागून म्हणाली, "आहे हो." एवढंच. आहे हो. मयूरी फावडं टाकून धावली होती. गाळ वाळून फुटलेल्या काळ्या खोडावर नखाएवढं पान. अण्णा आले नाहीत बघायला. ते आले असते तर, पण आले नाहीत, आणि चार महिन्यांनी आई, आणि त्यानंतर त्या झाडाविषयी घरात कुणी बोललं नाही.

संध्याकाळी तिनं त्यांच्या खोलीत जाऊन, उगाच चादर नीट करत, म्हटलं, "अण्णा, आईची निरगुडी आठवते?"

अण्णांनी चष्मा काढला. काच पुसली. घातला. बाहेर पाहिलं. ती थांबली, चादरीला आता एकही सुरकुती उरली नव्हती.

सकाळी चहाच्या आधीच ते तयार होऊन खुर्चीत बसलेले. पांढरा सदरा. पायाशी जुनी तपकिरी पिशवी. "मला सांगलीला सोड," ते म्हणाले.

सौमित्र म्हणाला, "अण्णा, अजून वर्ष व्हायचंय, अधिक धरून वीस-बावीस दिवस आहेत, तुमचाच हिशेब," आणि ते म्हणाले, "मी काल बघितलं. आजही बघितलं." अट त्यांनी लपवली नव्हती. मयूरीनं पिशवी उचलली; ती इतकी हलकी होती की तिला रडू आलं: माणूस परत जाताना एवढंच नेतो का? पूर्ण रस्ता, उंब्रज, कराड, पेठ नाक्यावरचा चहा, आष्टा, उसाचे फड, ती मागं बसून त्यांच्या मानेकडं बघत होती. कॉलर एका बाजूला थोडी फाटलेली. ही मान धरणाच्या नकाशावर तीस वर्षं वाकली आणि बागेवर तीस वर्षं, आणि कुणासमोर वाकली नाही. तिनं काय करायचं होतं? आणखी एक झुडूप? सुपारीएवढी कळी कागदाची करून लावायची होती खिडकीपुढं? ती चिडली होती आणि त्या चिडीच्या तळाशी, तिला लाज वाटली तरी, कौतुकच होतं: नाही त्याला नाही म्हणणारा माणूस. वर्षभर एकदाही त्यांनी तिचं मन राखायला खोटं फूल पाहिलं नव्हतं. म्हणून तर ते तीनशेहून जास्त शब्द खरे होते.

गल्लीत भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, सगळ्या घरांतून एकाच उंचीनं जाणारी. अण्णा नेहमी म्हणत, इतकी सरळ रेघ मलाही मारता आली नसती. कुलूप काढायला ते थांबलेच नाहीत. घराला वळसा घालून, भिंतीला हात लावत, मागं गेले, आणि मयूरी पिशवी घेऊन मागोमाग, आणि कोपऱ्यावर

निरगुडी.

ती तिच्या डोक्यापेक्षा उंच झाली होती. कुणी छाटली नव्हती, पाणी घातलं नव्हतं, धुण्याचा दगड तिच्यात बुडाला होता. दुपारचे साडेबारा, अधिक ज्येष्ठातलं ऊन, गल्लीत कुत्रंही नाही, आणि त्या झाडावर शेकडो निळे तुरे, आणि तुऱ्यांवर मधमाश्या, आणि नदीकडून वारा आला तेव्हा सगळं झाड एकदम चंदेरी झालं आणि पुन्हा हिरवं. अण्णा उभे होते. बराच वेळ उभे होते. मयूरीला वाटलं आता शब्द येईल, रोजचा, हजेरीचा. त्यांनी हात पुढं करून एक पान उलटं केलं, खालचा राखाडी रंग पाहिला, सरळ केलं.

"मी बघायला आलो नव्हतो त्या दिवशी," ते म्हणाले. "ती हाक मारत होती."

"हो."

"पिशवी दे."

पिशवीत कपडे नव्हते. ओलं करायला गोणपाट होतं, सुतळी होती, आणि सिकेटर, द्राक्षबागेत वापरतात ती छाटायची कात्री, तेल दिलेली. अण्णांनी एक फांदी निवडली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर मापली, फुटव्याच्या डोळ्याखाली तिरका काप घेतला. दुसरी. काप एकसारखे पडत होते. सौमित्र नळ शोधायला गेला. मयूरी काड्या हातात घेत गेली, आणि घेता घेता मोजायला लागली, कारण ते मोजत होते हे तिला ओठांवरून दिसत होतं. वीस झाल्या. पंचवीस. तिच्या बोटांना तो वास लागला, आईच्या गुडघ्यांचा.

"पुरे ना अण्णा? किती हव्यात?"

"पट्टी चोवीस फूट आहे तुझी. नऊ इंचांवर एक. बत्तीस अंतरं होतात." कात्री वाजली. "काड्या किती?"

"तेहतीस," भूगोलाच्या बाई म्हणाल्या, आणि मग तिला कळलं.

सौमित्र ओलं गोणपाट घेऊन आला, पाणी त्याच्या पँटवर गळत होतं. अण्णांनी शेवटची काडी तिच्या हातात दिली, सगळ्यांची मोळी सुतळीनं बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि ती मोळी दोन्ही हातांनी, थोडं वाकून, जावयापुढं धरली.

"वाण," ते म्हणाले. "अनारसे जमत नाहीत मला."

सौमित्रनं गोणपाट खांद्यावर टाकलं आणि मोळी घेतली आणि वाकून नमस्कार केला, तेव्हा गोणपाटाचं पाणी अण्णांच्या पायावर पडलं.

गाडीत मोळी मागच्या सीटवर मयूरीच्या मांडीवर होती. आष्टा येईपर्यंत काचा बंद, आणि सगळ्या गाडीत निरगुडीचा वास. नखाएवढी पानं फुटायला तीन आठवडे तरी लागतील, तिनं हिशेब केला. तोवर खिडकीबाहेर तेहतीस वाळक्या काड्या दिसतील, आणखी काही नाही. तिला विचारायचं होतं की मग त्या दिवसांचं काय. तिनं दुसरंच विचारलं.

"अण्णा, अधिकात नवीन काही लावत नाहीत ना?"

पुढच्या सीटवर ती मान हलली. कॉलर फाटलेली तशीच.

"नवीन कुठं आहे?" अण्णा म्हणाले.